अंगणातलं तण, ताटातली घोळ

अमेरिकेत घर घेतलं की दोन गोष्टी माणसाच्या मागे लागतात. एक मॉर्गेज आणि दुसरी लॉन. मॉर्गेज निदान तीस वर्षांत फिटतं, लॉन काही फिटत नाही. डेट्रॉइटच्या उपनगरात आम्ही घर घेतलं त्याला आता बरीच वर्षं झाली, पण उन्हाळ्यातला एकही शनिवार असा आठवत नाही की ज्या दिवशी गवत कापणं, खत टाकणं किंवा तण उपटणं यांपैकी काहीतरी केलं नाही. त्यातही आमचा खास राग एका तणावर. लालसर देठांचं, जमिनीवर लोळणारं, जाड गुबगुबीत पानांचं हे तण जूनमध्ये ऊन तापलं की ड्राइव्हवेच्या फटींतून, टोमॅटोच्या वाफ्यातून, कुठूनही डोकं वर काढायचं. उपटून तिथेच टाकलं तर पुन्हा मुळं धरायचं. शेवटी कंटाळून आम्ही एका लॉनवाल्या कंपनीशी वर्षाचा करार केला आणि तण मारायचं काम त्यांच्यावर सोपवून मोकळे झालो.

हे सगळं आज सांगायचं कारण म्हणजे २०२३ सालचा उन्हाळा. त्या वर्षी मे महिन्यात आई आमच्याकडे आली.

"भूक नाही रे"

आदल्या वर्षी वडील गेले होते. कराडजवळच्या आमच्या गावी आई एकटीच राहत होती. सहा महिने इकडे ये, तेवढाच बदल होईल, असं म्हणून आम्ही तिला आग्रहाने बोलावलं. ती आली खरी, पण इथे आल्यावर करायचं काय? आम्ही दोघं ऑफिसला, कन्या शाळेत. आई दिवसभर खिडकीशी बसून रस्त्याकडे बघायची आणि रस्त्यावर तर माणूस दिसत नाही. संध्याकाळी ताटावर बसली की दोन घास खाऊन उठायची. "भूक नाही रे," एवढंच उत्तर.

फ्रीज भरलेला होता. बेबी स्पिनॅच होतं, केल होतं, ब्रोकोली होती. आईने सगळ्या भाज्या एकेकदा करून बघितल्या आणि एक दिवस सौ.ला हळूच विचारलं, "अगं, तुमच्याकडे आंबटसर अशी पालेभाजी काही मिळत नाही का?"

योगायोग असा की त्याच सुमारास आमचे दोघांचे रक्ततपासणीचे रिपोर्ट आले होते. आमचं ए-वन-सी ६.० निघालं. म्हणजे मधुमेह अजून घरात आला नव्हता, पण दाराशी चपला काढत होता (५.७ ते ६.४ हा 'प्री-डायबिटीस'चा पट्टा). सौ.चं फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तळाला गेलेला. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्यांनी तिचं पोट बिघडे. मग काय, आपण सगळे करतो तेच आम्ही केलं. वीकेंडला दुकानात जाऊन चिया, किन्वा, जवसाची पूड, कसली तरी हिरवी पावडर असं सगळं आणलं. कपाटात महागड्या बरण्यांची रांग लागली. पहिल्या आठवड्यात रोज एकेक चमचा, दुसऱ्या आठवड्यात आठवेल तेव्हा आणि तिसऱ्या आठवड्यापासून बरण्या फक्त पुसायच्या.

पदरभर घोळ

जूनमधल्या एका संध्याकाळी आम्ही ऑफिसमधून आलो तर आई मागच्या अंगणात ओणवी. पदर भरून काहीतरी खुडलेलं. आम्हाला बघताच तिथूनच ओरडली, "अरे, ही घोळ आहे! कसली कोवळी आहे बघ. आणि तू ही उपटून फेकतोस?"

वडील गेल्यापासून तिचा असा आवाज आम्ही ऐकला नव्हता. पण आमचं लक्ष गवतात खोचलेल्या छोट्या झेंड्याकडे गेलं. फवारणी झाली की कंपनीवाले तो लावून जातात. कालच येऊन गेले होते.

"आई, टाक ती," आम्ही म्हणालो. "त्याच्यावर औषध मारलंय."

आई काही बोलली नाही. सगळी भाजी कचऱ्याच्या पिशवीत टाकली, साबणाने दोनदा हात धुतले आणि वर निघाली. जिन्यात थांबून एवढंच म्हणाली, "खायच्या भाजीवर विष मारता होय रे?" त्या रात्री ती जेवली नाही.

खरं सांगायचं तर आम्हीही नीट जेवलो नाही. लोह कमी, साखर जास्त, म्हणून आम्ही दुकानं पालथी घालत होतो आणि अंगणात आपोआप उगवलेली पालेभाजी पैसे देऊन मारत होतो. २००३ साली एम. एस. करायला इथे आल्यापासून आम्ही पुष्कळ काही शिकलो, पण घोळ ओळखायला विसरलो. लहानपणी तीच भाजी बाजरीच्या भाकरीबरोबर शेकडो वेळा खाल्ली असेल!

दुसऱ्याच दिवशी कंपनीला फोन करून मागच्या अंगणाची फवारणी बंद केली. औषध पडलेल्या जमिनीतलं त्या वर्षी काहीच खायचं नाही असं ठरवलं. चार बाय आठ फुटांचे दोन लाकडी वाफे ठोकले, नवी माती आणून भरली आणि घोळीचं बी मागवलं. हो, या 'तणा'चं बी इथे पाकिटात विकत मिळतं! 'पर्सलेन' म्हणून शोधा.

मेक्सिको, लेबनॉन आणि कराड

बी रुजून भाजी हाताशी यायला दीड-दोन महिने लागणार. तोपर्यंत काय? आम्ही ऑफिसातल्या एका मेक्सिकन सहकाऱ्याला फोनवरचा फोटो दाखवला. तो हसायलाच लागला. "व्हेर्दोलागास! माझी आई हिरव्या सालसात घालून डुकराच्या मटणाबरोबर करते." शेजारच्या टेबलावरचा लेबनीज मित्र वाकून बघायला आला. त्यांच्याकडे ती 'बकले', आणि फत्तूश नावाच्या सॅलडमध्ये तिची पानं कच्चीच घालतात. म्हणजे मिशिगनमध्ये राहून ही भाजी न ओळखणारे आम्हीच काय ते उरलो होतो.

त्या शनिवारी आईला घेऊन डेट्रॉइटच्या मेक्सिकनटाउनमध्ये गेलो. एका दुकानात कोथिंबिरीशेजारी घोळीच्या जुड्या लावलेल्या! आईने सहा जुड्या उचलल्या. तिथेच काउंटरवर राजगिऱ्याच्या वड्या होत्या, अगदी आपल्या एकादशीच्या वडीसारख्या. त्यांना तिथे 'आलेग्रिया' म्हणतात, म्हणजे आनंद. आई म्हणाली, "यांच्यात पण एकादशी असते का रे?"

प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. राजगिरा मुळात याच खंडातला. ॲझ्टेक लोक राजगिऱ्याच्या पिठाच्या देवमूर्ती करून पूजेनंतर त्यांचा प्रसाद खात. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोक आले, त्यांनी ही पूजा बंद पाडली आणि तिच्याबरोबर राजगिऱ्याचा मानही गेला. पुढे हे धान्य आपल्याकडे पोहोचलं आणि आपण त्याला थेट उपासाच्या ताटात बसवलं. बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची, साबुदाणा ज्याच्यापासून करतात तो कंद, हे सगळे मूळचे अमेरिका खंडातलेच. आपलं एकादशीचं ताट आपल्या आधी कित्येक शतकं इमिग्रंट झालेलं आहे.

डिअरबॉर्नच्या अरबी दुकानात आणखी एक ओळखीचा चेहरा भेटला. 'हब्ब अल-रशाद' अशा नावाच्या पाकिटात चक्क अळीव! तिकडेही बाळंतिणीला देतात म्हणे. इंडियन ग्रोसरीत नसेल तर तिथे विचारा.

या घोळीत आहे तरी काय?

इंजिनिअर असल्यामुळे आकडे बघितल्याशिवाय आम्हाला घास गिळत नाही. १९८६ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आर्टेमिस सिमोपोलस आणि नॉर्मन सेलम यांनी घोळीबद्दल लिहिलं. माशांमुळे प्रसिद्ध झालेल्या ओमेगा-३ वर्गातलं एक स्निग्धाम्ल या पालेभाजीत चांगल्या प्रमाणात आहे, असा त्यांचा मुद्दा होता. १०० ग्रॅम ताज्या पानांत ते ३०० ते ४०० मिलिग्रॅम भरतं, म्हणजे पालकापेक्षा कितीतरी जास्त. माशांतलं ओमेगा-३ आणि हे अगदी एकच नव्हे. वनस्पतींतल्या ओमेगा-३चं माशांतल्यासारखं रूपांतर आपलं शरीर थोडंसंच करू शकतं. तरी शाकाहारी घरात ही भर काही वाईट नाही.

आईचा एक नियम होता, घोळ सकाळीच खुडायची, तेव्हा ती छान आंबट असते. आम्ही आधी हसलो आणि मग वाचलं. पाण्याची ओढ असली की हे झाड दिवसा पानांची छिद्रं मिटून घेतं आणि रात्री हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून मॅलिक ॲसिडच्या रूपात साठवतं. दिवसा उन्हात ते वापरलं जातं. म्हणून पहाटे पान आंबट आणि संध्याकाळी सपक. आई शाळेत चौथीपर्यंत शिकली आहे.

घोळीची सोबतीणही लवकरच सापडली. पानांवर पांढरी भुकटी शिंपडल्यासारखी दिसणारी, मे महिन्यातच वर येणारी 'लॅम्ब्ज क्वार्टर्स' म्हणजे आपला चाकवत. आणि शेतकरी ज्याला 'पिगवीड' म्हणून शिव्या घालतात ते माठ-तांदुळजाचं भावंड. त्याची कोवळी पानं माठासारखीच परतून होतात.

चमच्याने की ताटाने?

आता बरण्यांकडे वळू. आमची मोठी चूक कोणती झाली ते हिशेब मांडल्यावर कळलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे नवे तक्ते प्रसिद्ध केले. जुन्या तक्त्यांत १०० ग्रॅम अळिवात १०० मिलिग्रॅम लोह दाखवलेलं असे. तोच आकडा अजून लोकांच्या तोंडी आहे. नव्या तक्त्यात तो सुमारे १७ आहे. १७ म्हणजेही भरपूरच, पण अळीव कोणी १०० ग्रॅम खात नाही. चमचाभर अळीव म्हणजे चार-पाच ग्रॅम, त्यातून मिळणार पाऊण मिलिग्रॅम लोह. पाळी चालू असलेल्या स्त्रीला रोज १८ मिलिग्रॅम लागतं असं इथले तज्ज्ञ सांगतात. मग नुसत्या चमच्याने काय होणार?

आता बाजरी बघा. १०० ग्रॅममध्ये साधारण साडेसहा मिलिग्रॅम लोह, म्हणजे अळिवाच्या निम्म्यानेही नाही. पण एका भाकरीला ५० ग्रॅम पीठ सहज लागतं. दोन भाकऱ्यांत साडेसहा मिलिग्रॅम लोह पोटात गेलं! नाचणीचंही तसंच. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. गव्हाच्या पिठात ते तीसच्या आसपास आणि पांढऱ्या तांदळात दहाच्याही आत. नाचणीच्या एका भाकरीत १८० मिलिग्रॅम कॅल्शियम, म्हणजे कपभर दुधातल्या कॅल्शियमच्या निम्म्याहून जास्त. राजगिऱ्यात दोन्ही आहेत, लोह आठच्या आसपास आणि कॅल्शियम १६०.

तेव्हा आमचा निष्कर्ष असा की जो पदार्थ आपण भरपूर खातो तो बदलावा. सात दिवस पोळी आणि भात चालू ठेवून वर चमचा-चमचा पूड भुरभुरण्यापेक्षा आठवड्यातले तीन दिवस पोळीच्या जागी बाजरीची, ज्वारीची किंवा नाचणीची भाकरी आणणं केव्हाही परवडतं. चटण्यांचं काम वेगळं. जवस, तीळ, कारळे यांच्या चटण्या त्या भाकरीला चव आणतात आणि थोडी भर घालतात. जवस मात्र भाजून कुटलेलाच हवा, अख्खा दाणा पोटातून तसाच बाहेर जातो. तीळ शक्यतो बिनसडीचे घ्या, कारण तिळातलं बहुतेक कॅल्शियम सालीत असतं. दुकानातले पांढरेशुभ्र सोललेले तीळ दिसायला सुंदर, पण त्या बाबतीत रिकामे.

अंगी लागायला हवं

पोटात गेलेलं सगळं अंगी लागतंच असं नाही. वनस्पतींतलं लोह शरीर हात आखडून घेतं. धान्यांतलं फायटिक ॲसिड लोहाला आणि कॅल्शियमला धरून ठेवतं. चहा-कॉफीतली द्रव्यं तेच करतात. यावरचे उपाय मात्र आपल्या स्वयंपाकघरातच आहेत.

जेवणात लिंबू पिळावं किंवा कच्ची कोशिंबीर असावी, 'क' जीवनसत्त्वाने लोह नीट शोषलं जातं. चहा जेवणाबरोबर नको, तास-दीड तासाच्या अंतराने घ्यावा. (आमच्या घरात सगळ्यात अवघड गेलेली गोष्ट हीच.) नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून दळली तर फायटिक ॲसिड कमी होतं. आपण बाळाला नाचणीचं सत्त्व करतो तेव्हा भिजवतो ते उगाच नाही. आणि लोखंडी कढई माळ्यावरून खाली काढा. आंबट भाजी त्यात केली की कढईतलं थोडं लोह भाजीत उतरतं.

दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. यांतल्या कशातही बी-१२ नाही. शाकाहारी मंडळींनी त्याची तपासणी करून घ्यावी आणि डॉक्टर सांगतील तशी गोळी घ्यावी. दुसरं, 'नाचणी मधुमेहाला चालते' हे सरसकट खरं नाही. बारीक पिठाच्या पातळ, गोड आंबिलीने साखर भराभर चढू शकते. भाकरी, बरोबर डाळ आणि भाजी, हा क्रम बरा.

ओळख पटल्याशिवाय नको

तुम्ही हा अंक खाली ठेवून लगेच अंगणात जाणार असाल तर जरा थांबा. घोळीशेजारीच 'स्पर्ज' नावाचं एक विषारी तण उगवतं आणि लांबून ते घोळीसारखं दिसतं. देठ मोडून बघा. पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे, टाकून द्या आणि हात धुवा. घोळीचं पान जाड, गुळगुळीत आणि रसरशीत असतं. चीक येत नाही. पूर्ण खात्री नसेल तर खाऊ नका, दुकानातली जुडी आणा.

जिथे तणनाशक मारलंय तिथलं, रहदारीच्या रस्त्याकडेचं किंवा जुन्या घराच्या भिंतीलगतचं काही खुडू नका. १९७८ च्या आधीच्या घरांच्या रंगात शिसं असू शकतं आणि ते मातीत उतरतं. घोळ आणि चाकवत दोन्हींत ऑक्झॅलेट बरंच असतं. ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारून खावं. रक्त पातळ करायची वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल त्यांनी कुठलीही पालेभाजी एकदम वाढवू नये. गरोदरपणात अळीव विचारल्याशिवाय नको.

या ऑक्झॅलेटवर आपल्या जुन्या बायकांनी एक तोड काढून ठेवली आहे, ती म्हणजे ताकातली भाजी. ताकातलं कॅल्शियम ऑक्झॅलेटला पोटातच धरतं आणि मग ते रक्तात कमी जातं. घोळ आणि चाकवत आपल्याकडे ताकात करतात ते केवळ चवीसाठी असेल, पण बसलं मात्र बरोबर.

आईची ताकातली घोळ

निवडून चिरलेली कोवळी घोळ चार वाट्या, दोन तास भिजवलेली हरभऱ्याची डाळ दोन मोठे चमचे, शेंगदाणे तेवढेच, बेसन दोन मोठे चमचे, फार आंबट नसलेलं ताक दीड वाटी, लसणाच्या सहा-सात पाकळ्या, दोन सुक्या मिरच्या, मोहरी, जिरं, हिंग, हळद, मीठ, गुळाचा खडा.

डाळ आणि दाणे आधी मऊ शिजवून घ्या. त्यात घोळ घालून पाच-सात मिनिटं शिजवा आणि पळीने थोडी घोटा. बेसन ताकात गुठळ्या न होऊ देता कालवून त्यात ओता. मंद आचेवर सारखं ढवळत राहा, खळखळून उकळी आली तर ताक फुटतं. मीठ आणि गूळ घाला. शेवटी लसूण लाल करून मिरच्यांची खमंग फोडणी वरून द्या. बरोबर बाजरीची भाकरी आणि कच्चा कांदा. घोळीच्या जागी चाकवतही चालेल, मग ताक थोडं आंबट घ्या.

भाकरी तुटते ही आपली सगळ्यांची तक्रार. कारण बहुतेक वेळा जुनं पीठ. बाजरीचं पीठ लवकर कडू होतं, म्हणून लहान पिशवी आणा आणि फ्रीझरमध्ये ठेवा. कढत पाण्यात पीठ मळलं तर भाकरी थापताना फाटत नाही. ज्यांना थापणं जमतच नाही त्यांनी थालीपिठाच्या भाजणीत नाचणी आणि राजगिरा भाजून मिसळावेत. मुलांसाठी नाचणीचा डोसा करावा. रंगामुळे आमची कन्या त्याला 'चॉकलेट डोसा' म्हणते आणि आम्ही तिचा गैरसमज दूर करत नाही. सकाळच्या सीरियलच्या जागी राजगिऱ्याच्या लाह्या आणि दूध. लाह्या घरीच होतात. कोरडं पातेलं चांगलं तापवून एका वेळी चमचाभरच राजगिरा टाकायचा आणि झाकण धरायचं.

मग फरक पडला का?

वर्षभरानंतर आमचं ए-वन-सी ५.८ वर आलं. सौ.चं फेरिटिन वर आलं, पण तिने या काळात वेगळ्या प्रकारची लोहाची गोळीही घेतली आणि आम्ही दोघं रोज संध्याकाळी चालायला लागलो. एकदम तीन व्हेरिएबल बदलल्यावर श्रेय कोणाला द्यायचं हे कुठलाही प्रामाणिक इंजिनिअर सांगू शकणार नाही. म्हणून घोळीने मधुमेह बरा होतो असं कृपा करून आमच्या नावावर पुढे पाठवू नका. गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंदही करू नका.

एका फरकाबद्दल मात्र आमची खात्री आहे. वाफ्यातली घोळ ऑगस्टमध्ये हाताशी आली आणि आई रोज सकाळी सहाला अंगणात दिसायला लागली. स्वयंपाकघराचा ताबा तिने घेतला. मंडळाच्या उन्हाळी सहलीला तिने मोठं पातेलं भरून ताकातली घोळ नेली. "हा कुठला पालक?" असं तरुण मंडळी विचारत होती आणि चार-पाच आज्या आईभोवती गोळा होऊन आपापल्या गावच्या भाज्या आठवत होत्या. एकीला कुर्डू आठवला, दुसरीला टाकळा, तिसरीला शेवग्याचा पाला. पातेलं पुसून निघालं. त्या संध्याकाळी आई घरी येऊन पोटभर जेवली.

ऑक्टोबरच्या शेवटी ती परत गेली. जाण्याआधी म्हणाली, "वाफ्यातली जून झालेली घोळ काढू नकोस. बी पडू दे." आम्ही काढली नाही. तेव्हापासून दर जूनमध्ये ती आपली आपण उगवते. गुडघ्यांमुळे आईला आता इतका लांबचा प्रवास झेपत नाही. रविवारी व्हिडिओ कॉलवर आधी वाफा दाखवावा लागतो आणि मगच नातीची चौकशी होते. "सकाळी खुडलीस ना?" हा प्रश्न ठरलेला.

आम्हाला राहून राहून वाटतं, आई त्या जूनमध्ये इथे नसती तर आम्ही आजही घोळीवर औषध मारून बरण्या विकत आणत असतो. बघताक्षणी पाला ओळखणारी ही बहुतेक शेवटची पिढी. आमच्या कन्येला आता घोळ आणि चाकवत ओळखता येतात, स्पर्जचा चीकही तिने आईसमोर मोडून बघितला आहे. तेव्हा मंडळी, तुमच्याकडे यंदा आई-वडील, सासू-सासरे येणार असतील तर त्यांना नायगारा जरूर दाखवा, पण त्याआधी मागचं अंगण दाखवा. आणि त्यांनी काय काय ओळखलं, ते तुम्ही कसं शिजवलंत, हे पुढच्या अंकासाठी नक्की लिहून पाठवा.